उतरता तानपुरा

वाद्यसंगीत कुठलं ऐकावं, हे अमरावतीतले लोक मला चव्वेचाळीस वर्षं विचारत आले आहेत. आधी कॅसेटी होत्या तेव्हा विचारायचे, मग सीडी आल्या तेव्हा विचारायचे, आणि आता फोनवर सगळंच मिळतं तरी विचारतात, कारण सगळंच मिळतं तिथं निवडायचं कोणी? मीही सांगते. न अडखळता सांगते. बाई न अडखळता बोलली की पुरुषमाणसं वहीत लिहून घेतात, हा माझा अनुभव आहे.

म्हणून या मे महिन्यात माझी नात लॅपटॉप मांडीवर घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या आवडीची दहा रेकॉर्डिंग्ज सांग, रविवारच्या बैठकीत वाचून दाखवते," तेव्हा मी लसूण सोलता सोलताच सुरू झाले. ही नात कॉलेजात शिकते, आमच्याजवळच राहते. दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमवून ती त्यांना संगीत ऐकवते. शिस्तीची आहे. ऐकताना आवाज नको म्हणून हॉलमधला कूलर बंद करायला लावते. मे महिन्यात, अमरावतीत, दुपारी तीन वाजता! लोक ओले रुमाल डोक्यावर घेऊन सरोद ऐकतात. भक्ती यालाच म्हणत असावेत.

"लिही," मी म्हटलं. "संतूर. निळ्या कव्हरची कॅसेट. तांदूळ निवडताना ऐकावी."

"वाजवलं कोणी?"

"कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे."

"आजी, तो डाग आपल्याच कॅसेटवर आहे. बाकीच्यांनी कशी ओळखायची?"

"त्यांनी आपापला कप ठेवावा."

तिनं कपाळावर हात मारला, पण लिहिलं. मग मी सरोदचं सांगितलं. ते कुटाणं काढायच्या दिवशीचं, म्हणजे दिवाळीआधी माळा आवरताना ऐकायचं. त्यात एका ठिकाणी वाजवणारा असा काही जोर करतो की आपणही जुनी पितळी घागर एका हातानं उचलतो. व्हायोलिनचं एक सांगितलं, ते घरात कोणाशी अबोला असेल तेव्हाच लावायचं, कारण व्हायोलिन दोन्ही बाजूंनी रडतं आणि आपल्याला बोलावं लागत नाही. शहनाईचं एक सांगितलं, पण ताकीद दिली की उपवर मुलगी घरात असताना लावू नये, शेजारीण लगेच येऊन तारीख विचारते. आणि बासरीचं एक. ते सांगताना मात्र माझी टिंगल करायची इच्छा गेली. त्या रेकॉर्डिंगमध्ये सूर सुरू होण्याआधी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. वरच्या षड्जाला जायच्या आधी तर तो चक्क थोडा दमलेला ऐकू येतो. मी दरवेळी त्याच्याबरोबर श्वास घेते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला प्राणायाम मी करत नाही, हा करते.

अशीच आणखी चार सांगितली. "नऊ झाली," नात म्हणाली. "आणि पहिला नंबर तर ठरलेलाच आहे. तुझी अकोल्याची सितार. कालच मी ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली. पण काय गं त्यात ती सतत घूं घूं! रविवारपर्यंत साफ करते. एक बटण दाबलं की सगळी घूं घूं काढून टाकता येते. मग बघ सितार कशी लख्ख ऐकू येते."

माझ्या हातातली लसणाची पाकळी सालीसकट तोंडात गेली.

"ती घूं घूं नाही," मी म्हटलं. "तो तानपुरा आहे."

"बघू ना, काढल्यावर कळेल."

हेच तर! काढल्यावर कळलं असतं. चव्वेचाळीस वर्षं जे मी कोणाला कळू दिलं नव्हतं, ते एका बटणानं रविवारी दुपारी वीस माणसांसमोर कळणार होतं.

आता त्या एकवीस वर्षांच्या पोरीबद्दल सांगायलाच हवं. ती म्हणजे मीच, पण मी तिची जबाबदारी घेत नाही. अकोल्याच्या एका वकिलाची लेक. दोन वेण्या, बी.ए.ला मराठी, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. विषय माहीत असला तर मत जरा सौम्य असायचं.

तिला बघायला अमरावतीची मंडळी आली ती मार्गशीर्षात. छान थंडी होती. आमच्या अकोल्याच्या घरात बैठकीच्या कोपऱ्यात पत्र्याचा मोठा कूलर होता. हिवाळ्यात त्याचं काही काम नसायचं, म्हणून आई त्याच्यावर तिनंच भरलेला मोराचा टेबलक्लॉथ घालायची आणि वर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवायची. नवरामुलगा नेमका त्या मोराशेजारी बसला होता आणि चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता. मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, ते गणिताचे मास्तर होते आणि सितारीचे वेडे होते. हे बाबांना आधीच कळलेलं होतं. वकील माणूस, तयारीनिशी उभा राहणारच. त्यांनी माझ्या भावाचा टेपरेकॉर्डर बैठकीत आणून ठेवला आणि म्हणाले, "आमच्या घरी सितार नेहमी ऐकतात. हे उन्हाळ्यात रेडिओवरून घेतलेलं."

खरं म्हणजे आमच्या घरी सिनेमाची गाणी ऐकत. ती एक कॅसेट भावानं नवा टेपरेकॉर्डर चालतो का हे बघायला भरली होती. वाजवणाऱ्याचं नाव सांगून झाल्यावर त्यानं बटण दाबलं, त्यामुळं सितार कोणाची हे आजवर कोणालाच माहीत नाही. राग वृंदावनी सारंग, एवढं मात्र आत सापडलं.

कॅसेट सुरू झाली. सितारीच्या मागे एक भरदार, अखंड सूर. मामाजींनी डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाले, "तानपुरा काय भरून आहे हो! असा तानपुरा ऐकला नव्हता मी."

इथं त्या पोरीनं गप्प बसायचं होतं. पोह्यांची बशी पुढं करायची होती. पण तिनं आदल्याच आठवड्यात एका मासिकात तानपुऱ्यावर दीड पान वाचलेलं होतं.

"तानपुरा नीट नसेल तर मी रेकॉर्डिंग ऐकतच नाही," ती म्हणाली.

आईनं पदर तोंडाला लावला. मामाजींनी डोळे उघडले. तेवढ्यात कॅसेटमध्ये खळखळ आवाज झाला, कोणी पाणी ओतावं तसा.

"हे काय?" मामाजी.

"वृंदावनी सारंग आहे ना," पोरगी म्हणाली. "यमुना."

अगं, काय हे! आज मला ती भेटली तर दोन्ही वेण्या एकमेकींना बांधून ठेवीन. पण तिथं कोणी हसलं नाही. मामाजी म्हणाले, "वा." मग थोड्या वेळानं तो मागचा सूर हळूहळू खाली सरकायला लागला. भिजल्यासारखा खाली खाली आला, आणि पुन्हा वर गेला.

"हा उतरता तानपुरा," पोरीनं कोणी विचारायच्या आत सांगितलं. "जुन्या पद्धतीत असायचा. आता कोणी धरत नाही."

आणि शेवटी तो सूर घरघरत, थकत, अगदीच थांबला. सितार एकटी उरली. खरोखरच अंगावर काटा यावा असं ते होतं. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वैराग्य," पोरगी म्हणाली.

लग्न ठरलं. ती कॅसेट रुखवतात ठेवली गेली, एका बाजूला सांडगे-कुरडया आणि दुसऱ्या बाजूला लोकरीचा कुत्रा. अमरावतीच्या बायका रुखवत बघायला आल्या तेव्हा कुत्र्याकडे कोणी बघितलं नाही. "सूनबाईले तानपुऱ्याचं लय समजते म्हणे!" असं एकीनं दुसरीला सांगितलं, आणि ते मी मुंडावळ्यांतून ऐकलं. काय सुख असतं हो अशा ऐकण्यात!

सासरी माझा दरारा असा वाढला की विचारू नका. मामाजींकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती कॅसेट ऐकावी लागे आणि माझं भाष्य ऐकावं लागे. त्यांच्या ओळखीचे एक संगीताचे सर होते, तेव्हा नुकतेच कॉलेजात लागलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी तर "उतरता तानपुरा (जुनी पद्धत)" असं वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. गावातले लोक कॅसेट घ्यायच्या आधी मला विचारू लागले. मी एकच कसोटी सांगायची: तानपुरा ऐकू आला पाहिजे, भरून आला पाहिजे. नसेल तर परत करा. कॅसेटवाल्याच्या दुकानात माणसं कॅसेट कानाला लावून उभी राहत. शेवटी वैतागून त्यानंच काही कॅसेटींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, "तानपुरा आहे". बासरीच्या, सनईच्या, आणि एका आरत्यांच्या कॅसेटवरसुद्धा.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. मीही अकोल्याला गेले. अकोल्याचा उन्हाळा माहीत नसेल तर सांगते, तिथं दुपारी कावळासुद्धा चपलेसाठी थांबतो. जेवण झालं, आई कलंडली, मी बैठकीत खाटेवर पडले. बाबांनी कूलरवरची फुलदाणी उचलली, मोराची घडी केली, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या होत्याच, आणि बटण दाबलं.

सा.

मी उठून बसले. तोच सूर. तोच भरदारपणा. तोच, ज्याच्याबद्दल मी लग्न झाल्यापासून अमरावतीत बोलत होते.

बाबांनी बादलीभर पाणी कूलरच्या टाकीत ओतलं. खळखळ. यमुना.

पावणेतीनला व्होल्टेज कमी झालं आणि कूलर हळूहळू खाली उतरला, जुन्या पद्धतीनं. तीन वाजता लाइन गेली, आणि तो घरघरत, थकत थांबला. वैराग्य. ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर सेलवर चालायचे, म्हणून कॅसेट भरली त्या दिवशी रेडिओवरच्या सितारीला पत्ताच नव्हता की आपल्या मागचा तानपुरा महावितरणाच्या कुठल्या तरी आजोबांनी बंद केला.

"बाबा!" मी किंचाळले. "हा तर आपला कूलर होता!"

"हो," बाबा म्हणाले. रुमालानं मान पुसत होते.

"तुमाले माहीत होतं?"

"कॅसेट माह्यासमोरच भरली, माहीत नसन का?"

"मग त्या दिवशी बोलले काहून नाही?"

"तू बोलून राहिली होती. समोरचे मान डोलावून राहिले होते. आपल्या बाजूचा साक्षीदार चांगलं बोलत असला तर वकील मधात उठत नसते, बाई."

आठ दिवसांनी मला न्यायला खुद्द मामाजी आले. दुपारचीच वेळ. त्यांना बैठकीत बसवलं, अगदी कूलरसमोर, मानाची जागा म्हणून. मी पन्ह्याचा पेला घेऊन दारात थिजले. मामाजींनी डोळे मिटलेले होते. मान किंचित हलत होती. पन्ह्यातला बर्फ विरघळला तरी मी आत गेले नाही. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "हवा चांगली आहे."

झोप लागली असेल, असं मी मनाला सांगितलं.

अमरावतीला परत आल्यावर चारच दिवसांत ते म्हणाले, आपणही कूलर घेऊ. मला आणि ह्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं पाच कूलर एकामागून एक लावून दाखवले. लोक कूलरसमोर चेहरा धरतात, मामाजी कान धरायचे. "हा नको. हाही नको. हा फार ओरडते." चौथ्याला दुकानदार म्हणाला, "मास्तर, हवा कशी आहे ते तर पाहा!" मामाजी म्हणाले, "हवा कोणाले पाहिजे?" पाचवा घेतला. म्हातारपणी माणूस चिकित्सक होतो, असं मी तेव्हा समजले. बुद्धिमान मुलगी!

तो पत्र्याचा कूलर आजही आमच्या हॉलमध्ये आहे. मामाजी गेले, पत्रा तीनदा रंगवला, मोटर किती वेळा बदलली ते आठवत नाही. दरवेळी मिस्त्री मोटर बदलायला आला की आमचे हे त्याला छळतात. एक बसवली की म्हणतात, "ही नको. दुसरी लाव." मिस्त्री म्हणतो, "काका, नवीन आहे, चालून तर राहिली." हे म्हणतात, "चालते, पण मले नाही चालत." मला वाटायचं, वडिलांची सवय.

आणि मी? मला दोन रस्ते होते. खरं सांगायचं, नाही तर खोटं टिकवायचं. टिकवायला सोपं नसतं हो! पुढं कोणी पकडू नये म्हणून मी खरोखर ऐकायला लागले. मिळेल ते ऐकलं. आलाप कशाला म्हणतात, जोड कुठं सुरू होतो, 'झाला' आला की पोळी का करपते, सगळं ऐकून ऐकून शिकले. खरा तानपुरा कसा असतो तेही शिकले. तो कूलरपेक्षा पुष्कळ बारीक असतो. चव्वेचाळीस वर्षांत एक खोटं झाकायला मी इतकं संगीत ऐकलं की चांगल्या घरच्या बायका खरं बोलूनसुद्धा तेवढं ऐकत नाहीत.

तर रविवारला तीन दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी मी कॅसेट तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली. नात म्हणाली, "आजी, डाळीत कॅसेट आहे. आणि मी ती आधीच उतरवून घेतली आहे, सांगितलं ना?" दुसऱ्या दिवशी मी तिला समजावलं की जुन्या गोष्टी साफ करू नयेत, त्यांच्यावरची धूळ हाच इतिहास. ती म्हणाली, "मग तू परवा पितळेच्या समया चिंचेनं का घासल्या?" तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझ्या छातीत धडधडतं आहे, रविवारची बैठक नको. तिनं तत्काळ मोसंबीचा रस करून दिला आणि म्हणाली की संगीताचे सर खास येणार आहेत. तेच, तीन पेनांचे. आता पंच्याहत्तरीचे. रिटायर होईपर्यंत त्यांनी कॉलेजातल्या पोरांना उतरता तानपुरा शिकवला होता. परीक्षेत प्रश्न यायचा म्हणे, टीप लिहा, पाच मार्क.

आता मला स्वतःची नाही, त्यांची भीती वाटायला लागली. म्हातारं माणूस, आयुष्यभर पोरांना कूलर शिकवला हे कळल्यावर त्यांचं काय होईल?

रविवारी दुपारी हॉल भरला. कूलर बंद. ओले रुमाल डोक्यावर. सर पहिल्या खुर्चीत, खिशात आता एकच पेन. नातीनं माझ्या नऊ शिफारशी वाचल्या. अबोल्याच्या व्हायोलिनला एका जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं. मग ती म्हणाली, "आणि पहिला क्रमांक, आजीची अकोल्याची सितार. आधी मूळ ऐकू, मग साफ केलेली."

मूळ लावली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. यमुना आली, सरांनी बोट वर केलं. तानपुरा उतरला, सरांनी शेजारच्याला कोपरानं डिवचलं, "हे बघा, हे!" वैराग्य झालं. कोणीतरी उसासा टाकला.

"आता साफ केलेली," नात म्हणाली. "मीही पूर्ण ऐकलेली नाही अजून, सकाळीच झाली."

मी देवाचं नाव घेतलं. घेतलं ते कोणत्या देवाचं, आठवत नाही. जो मोकळा असेल त्याचं.

सितार सुरू झाली. लख्ख. एकटी. मागे काहीच नाही. लोकांनी एकेक डोळा उघडला. आणि मग त्या सितारीच्या मागून, इतकी वर्षं त्या घूं घूंच्या खाली दडलेला, माझ्या बाबांचा आवाज आला. स्वच्छ.

"अवं बाई, कूलरात पाणी टाक व एक बादली!"

आणि लांबून, आतल्या खोलीतून, एका निगरगट्ट पोरीचा आवाज, तोंडात काहीतरी भरलेलं:

"मी आंबा खाऊन राहिली नं, बाबा! तुमीच टाका!"

मग बाबांच्या चपला. मग बादलीची कडी. मग यमुना.

बाबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी त्यांनी मला एक काम सांगितलं होतं, आणि मी पुन्हा आंबा खात होते.

"आजी," नात हळूच म्हणाली, "ही तू?"

"नाही," मी म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांची सवय.

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांचा चेहरा लाल झाला होता. ते माझ्याकडे वळले. "वहिनी," म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं पोरांना कूलर शिकवला?"

तेवढ्यात कोपऱ्यातून आमचे हे उठले. बैठकीत सहसा बोलत नाहीत, शेंगदाणे निवडत बसतात, लग्नाआधीपासूनची सवय. ते कूलरपाशी गेले आणि म्हणाले, "माह्या बाबाले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी.

"सगळं. अकोल्याहून तुले घेऊन आले, त्याच दिवशी मले बोलले. सूनबाईचा तानपुरा पाहून आलो म्हणे. मी म्हटलं, मग सांगा तिले. तर म्हणे, सांगू नको. पोरगी खोटं बोलते, पण सुरात बोलते."

"आणि तुमी? तुमी चव्वेचाळीस वर्षं गप्प?"

"मिस्त्रीले विचार," हे म्हणाले. "नऊ मोटरी परत केल्या म्या. सूर लागत नव्हता."

आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं.

सा लागला. तोच, अकोल्याचा. वीस घामेजलेल्या माणसांच्या अंगावर गार वाळ्याचा वारा आला आणि सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी "हाऽऽ" निघालं. अशी दाद मी कुठल्याही मैफिलीत ऐकलेली नाही. सरांनी डोक्यावरचा रुमाल काढला. जरा वेळ कान देऊन बसले. मग मान डोलवायला लागले, मग हसायला लागले, इतके की पेन खिशातून पडलं.

"शिकवला तर शिकवला," ते म्हणाले. "एकही पोरगं बेसूर निघालं नाही. लावा हो पुन्हा ती साफ केलेली. कूलर राहू द्या."

नातीनं लावली. आता पुढं सितार आणि मागे आमचा कूलर, आणि खरं सांगते, चव्वेचाळीस वर्षांत ते इतकं चांगलं लागलेलं नव्हतं. बाबांचा आवाज पुन्हा आला, "अवं बाई, कूलरात पाणी टाक व एक बादली!" आणि यावेळी त्या पोरीनं आतून काही म्हणायच्या आत मी उठले. गुडघे कुरकुरले. मोरीतून बादली भरून आणली आणि कूलरच्या टाकीत ओतली. कॅसेटमधली बादली आणि माझी बादली जवळजवळ एकदमच खळखळली. माझी जरा मागं राहिली, पण मी पडले सत्तरीच्या जवळ, आणि बाबा तेव्हा पन्नाशीत होते.

नातीनं शिफारशीत पहिल्या नंबरापुढं टाइप केलं: कूलर लावून ऐकावे. पाणी मधोमध घालावे.

शेवट जवळ आला तेव्हा हे बटणावर बोट ठेवून उभे राहिले, वैराग्यासाठी. सगळ्यांचे डोळे मिटलेले. त्यांनी दाबलं. कूलर घरघरत थांबला, सितार एकटी उरली.

सरांनी एक डोळा उघडला.

"मास्तर असते तर जरा आधी दाबलं असतं," म्हणाले. "पुन्हा घ्या."